कारकून, फिटर आणि झाडूवाला

सातारच्या किंवा सांगलीच्या कोणत्याही मोठ्या कचेरींत सकाळीं चार प्रकारचीं माणसें कामावर येतात. सर्वांआधीं येतो तो झाडूवाला. मग शिपाई कुलपें काढतो. त्यानंतर कारकून टेबलाशीं बसतो. आणि वीज गेली अथवा नळ फुटला म्हणजे वायरमन किंवा फिटर यास बोलावणें जातें. चौघांचें काम एकाच छपराखालीं चालतें. महिनाअखेर त्यांच्या हातीं पडणारा पैसा मात्र निरनिराळ्या वाटांनीं येतो, आणि त्याचीं नांवेंही निरनिराळीं असतात. एकाचें तें वेतन, दुसऱ्याची मजुरी, तिसऱ्याचें मानधन, आणि शिकाऊ उमेदवाराचें विद्यावेतन. नांवांतला हा भेद वरवरचा वाटतो. परंतु कामकऱ्याचा हक्क कोठवर पोंचतो हें पुष्कळदां या नांवावरूनच ठरतें.

या मुलुखाला रोख पगाराची संवय फार जुनी नाहीं. गांवचें दप्तर कुलकर्ण्यानें लिहावें. सांगावे पोंचविणें, हद्दीच्या खुणा दाखविणें, चावडी झाडणें हीं कामें महारानें करावीं. आणि मोबदला म्हणून वतनाची जमीन व हक्काचें धान्य घ्यावें, अशी रीत होती. लेखणीचें वतन प्रतिष्ठेचें आणि झाडूचें वतन वेठीचें, ही वांटणी तींत मुळापासूनच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतनाच्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें विधेयक आणलें तें याच कारणासाठीं. पुढें कुलकर्णी वतनें १९५१ मध्यें संपलीं. महार वतनें रद्द करणारा कायदा १९५८ चा. वतनें गेल्यावर लेखणीच्या कामासाठीं सर्वत्र वेतनश्रेणीचा तलाठी आला. खालच्या कामांसाठीं कोतवाल नेमला गेला, आणि त्याच्या वाट्यास वेतनश्रेणी न येतां मानधन आलें. जुनी वांटणी अशी नव्या कागदावर उतरली.

बाबासाहेबांचा या जिल्ह्याशीं असलेला संबंध येथें सांगण्याजोगा आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करांतून निवृत्त झाल्यावर साताऱ्यास बांधकाम खात्यांत स्टोअरकीपर होते. नंतर खटाव तालुक्यांत गोरेगांव येथें दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल म्हणून ते राहिले. मुलाचें नांव १९०० सालीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत दाखल झालें. साध्या कारकुनी पगारावर वाढलेल्या या मुलानें एप्रिल १९४६ मध्यें, हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री या नात्यानें, किमान वेतनाचें विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळापुढें ठेवलें. १९४८ सालीं त्याचा कायदा झाला.

किमान वेतन म्हणजे किती, हा खरा प्रश्न. कायद्यानें आंकडा दिला नव्हता. तो ठरविण्याची रीत १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनें घालून दिली. कुटुंबांत तीन ‘एकक’ खाणारे धरावेत. प्रत्येकास दररोज २,७०० कॅलरींचें अन्न. चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक घरबांधणी योजनेंतलें किमान भाडें. आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठीं एकूण वेतनाचा पांचवा हिस्सा. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रेप्टाकॉस ब्रेट खटल्यांत यांत आणखी २५ टक्क्यांची भर घातली. तींत मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांचा समावेश होता.

या हिशेबाकडे थोडें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. चार माणसांचे तीन एकक कसे झाले? पुरुष एक, पत्नी शून्य पूर्णांक आठ दशांश आणि मुलें प्रत्येकीं सहा दशांश. दिवसभर पाणी, दळणकांडण, जळण आणि घरकाम करणाऱ्या बाईची भूक नवऱ्याहून पंचमांशानें कमी, हें कोणत्या सुगरणीला विचारून ठरलें असेल? घरांतले वृद्ध आईवडील तर या गणितांत मुळींच नाहींत. माण-खटावांतून साताऱ्यास आलेल्या किंवा जत-आटपाडींतून सांगलीस आलेल्या कुटुंबांतून गांवीं दरमहा पैसे धाडावे लागतात, त्यास येथें रकाना नाहीं. तरीही देशांतला पहिला शास्त्रीय मापदंड म्हणून त्याचें मोल मोठें; सातव्या वेतन आयोगानें केंद्राचें किमान वेतन याच रीतीनें काढलें.

वेतन आयोगांचे आंकडे शेजारीं ठेवले असतां एक गोष्ट सहज दिसते. १९४७ च्या पहिल्या केंद्रीय आयोगानें शिपायाचें मूळ वेतन ३० रुपये ठरविलें, आणि महागाई भत्ता २५ रुपये धरून किमान ५५ झाले. त्याच वेळीं कनिष्ठ कारकुनाची श्रेणी मुळांतच ५५ रुपयांपासून सुरू होत असे. म्हणजे मूळ वेतनांत कारकून शिपायाच्या पावणेदोनपटीहून वर. सातव्या आयोगानंतर, १ जानेवारी २०१६ पासून, केंद्राच्या सेवेंत तळाचें मूळ वेतन १८,००० आणि कनिष्ठ लिपिकाचें १९,९०० झालें. महाराष्ट्राच्या सेवेंत शिपाई १५,०००, लिपिक-टंकलेखक १९,९०० आणि कनिष्ठ अभियंता ३८,६००. लेखणी आणि झाडू यांतलें सरकारी अंतर असें बरेंच आटलें. केंद्राइतका महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्याच्या कर्मचाऱ्यांना १९७७-७८ च्या हिवाळ्यांत ५४ दिवस संप करावा लागला होता, हें आतां पुष्कळांच्या स्मरणांतही नसेल.

परंतु हें अंतर आटलें तें श्रेणींत बसलेल्यांसाठीं.

कारखान्यांची तऱ्हा वेगळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसविली तेव्हां पगाराच्या जोडीला राहण्यास घर आणि मुलांना शाळा हेंही कामगाराचें प्राप्तीचें अंग होतें. साखर कारखान्यांत वेगळाच प्रश्न उभा राहतो, कारण ऊस संपला कीं गाळप थांबतें. रेठऱ्याचा कृष्णा असो कीं साखराळ्याचा राजारामबापू, हंगामी कामगारानें उरलेले महिने खावें काय? यावर १९५७ सालीं नेमलेल्या साखर उद्योगाच्या केंद्रीय वेतन मंडळानें बिगरहंगामी भत्त्याचा तोडगा काढला. कामगार ‘रिटेन्शन’ म्हणतात तो हाच. कारकून व कुशल कारागीर यांस वेतनाच्या निम्मा, अर्धकुशलास चौथाई आणि अकुशलास एक दशांश, असें त्याचें प्रमाण ठरलें. फिटर दुसरीकडे जाऊं नये म्हणून त्याला अर्धा पगार देऊन राखून ठेवावें, आणि हमाल केव्हांही मिळतो म्हणून त्याची बोळवण दशांशावर करावी, असा त्यामागचा व्यवहार. कारखान्याच्या दृष्टीनें तो बिनचूक असेल. पोटाच्या दृष्टीनें नाहीं.

किमान वेतनाच्या अधिसूचनांत आणखी एक भेद असतो, तो जागेचा. दुकानें व व्यापारी आस्थापनांच्या अधिसूचनेंत महानगरपालिकांचा प्रदेश पहिल्या परिमंडळांत व नगरपालिकांचा त्याखालीं धरलेला आहे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९९८ सालीं झाली. सातारा नगरपालिकाच राहिला. त्यामुळें तेंच दुकान, तोच झाडू आणि तितकेच तास असूनही दोन गांवीं मूळ दर वेगळा. महागाईप्रमाणें वाढणारा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनीं त्यांत मिळविला जातो.

सर्वांत अवघड जागा कंत्राटाची आहे. अनेक कचेऱ्या, रुग्णालयें आणि बँका यांची झाडलोट व पहारा बाहेरच्या एजन्सीकडे असतो. राज्य सरकारनें सप्टेंबर २०२३ मध्यें खासगी संस्थांमार्फत अकुशलापासून अतिकुशलापर्यंत सर्व मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि पुढच्याच महिन्यांत तो मागें घेतला. नव्या श्रम संहितांनीं मुख्य कामांत कंत्राटी कामगार लावण्यास बंदी केली आहे, पण स्वच्छता, पहारा व देखभाल हीं कामें सामान्यतः ‘मुख्य’ या व्याख्येंतून वगळलीं आहेत. ज्याला कायद्याच्या आधाराची निकड अधिक, त्याचेंच काम व्याख्येबाहेर राहिलें. तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यास तेंच काम करीत असल्यास नियमित श्रेणीचें किमान वेतन द्यावें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं जगजित सिंग खटल्यांत दिला. पण काम ‘तेंच’ आहे हें सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावर ठेवला.

पालिकांच्या कायम सफाई कामगारांस एक निराळें संरक्षण आहे. लाड आणि पागे या समित्यांच्या शिफारशींनुसार त्यांच्या वारसाला नोकरी मिळते. वि. स. पागे म्हणजे तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें रोजगार हमीचा पहिला प्रयोग करविणारे गृहस्थ. ही सवलत कुटुंबाची चूल विझूं देत नाहीं, हें खरें. पण बापाचा झाडू मुलाच्या हातीं तीच देते, हेंही तितकेंच खरें. वतनाची आठवण येथें कोणास झाली तर नवल नाहीं.

१९४८ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेनें घेतली आहे. जुन्या अधिसूचना नव्या कायद्याशीं विसंगत नसतील तेथवर चालू राहतात. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात दिवसांत व्हावा आणि प्रत्येक कामगारास वेतनचिठ्ठी मिळावी, असें या संहितेंत आहे. कंत्राटदारानें पैसे न दिल्यास ज्या आस्थापनेचें काम झालें तिच्या मालकावर जबाबदारी येते. थकलेल्या वेतनाचा दावा जुन्या किमान वेतन कायद्याखालीं सहा महिन्यांच्या आंत करावा लागे. आतां त्याची मुदत तीन वर्षांची आहे.