मधला थर कच्चा राहिला म्हणून

गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं. कठीण बेसाल्टवर छिन्नी चालवून माणसांनी कोरलेली लेणी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हॉकिंग हिल्स स्टेट पार्कमध्ये अशाच प्रचंड कपारी आहेत, पण त्यांना कुणाचा हात लागलेला नाही.

इथला खडक म्हणजे ब्लॅक हँड वालुकाश्म. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. नद्यांनी आणलेली जाडीभरडी वाळू मुखाशी साचली, दबली, तिचा दगड झाला. वाळूचे कण धरून ठेवतात ती पाण्याबरोबर झिरपलेली सिलिका आणि लोहाची खनिजं. ती सगळीकडे सारखी मुरली नाहीत. वरचा आणि तळचा थर पक्का झाला, मधला कच्चाच राहिला.

पुढचं सगळं त्या कच्चेपणातून घडलं. ॲश केव्हमध्ये ते नीट दिसतं. घोड्याच्या नालासारखी वळलेली ही कपार टोकापासून टोकापर्यंत ७०० फूट, आत १०० फूट खोल, आणि माथ्यावर छज्ज्यासारखा पुढे आलेला पक्का थर. त्या छज्ज्यावरून धबधबा कोसळतो, त्यामुळे कपार त्यानेच खोदली असं वाटतं. खरं काम मात्र झिरपत्या पाण्याने केलं. ते मधल्या थरात शिरतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि कण सुटे करतं. पायाखाली पसरलेली वाळू त्याच दगडाची आहे. सुरुवातीच्या वसाहतकारांना इथे राखेचे ढीग सापडले होते, मूळ रहिवाशांच्या शेकोट्यांचे. ॲश म्हणजे राख, कपारीचं नाव त्यावरून पडलं.

याच पार्कमधल्या रॉक हाऊसची गोष्ट वेगळी. उभ्या कड्याच्या मध्यावर सुमारे २०० फूट लांबीचा बोगदा आहे आणि त्याला कमानदार खिडक्या आहेत. खडकातल्या उभ्या भेगा रुंदावत जाऊन त्या तयार झाल्या. पार्कमधली खरीखुरी गुहा ही एवढीच, बाकीच्या उघड्या कपारी.

या कपारी ज्या खोल घळींत आहेत, तिथलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेमलॉकचं सूचिपर्णी झाड. हिमयुगात हेमलॉकसारखी उत्तरेकडची झाडं दक्षिणेला सरकली. हिमनदीचा बर्फ या टेकड्यांपर्यंत पोचला नव्हता. पुढे हवा तापली, तरी घळींच्या तळाशी ऊन पोचत नाही. त्या गारव्यात हेमलॉक टिकून राहिला. आता त्याच्यावर जपानहून आलेला लोकरी मावा पडला आहे. फांदी उलटी करून पाहिली, की सुयांच्या बुडाशी कापसाचे बारीक पुंजके दिसतात. हा कीटक तिथूनच रस शोषतो आणि लक्ष दिलं नाही तर काही वर्षांत झाड वाळतं. झाडं गेली तर सावली जाईल, ओढ्याचं पाणी तापेल आणि त्या गारव्यावर जगणारं बरंच काही जाईल. मोलाच्या झाडांना बुंध्यातून किंवा मुळांशी औषध देतात. शिवाय अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत या माव्यावर जगणारे लॅरिकोबियस नावाचे भुंगेरे सोडले जात आहेत. एवढ्या मोठ्या जंगलात झाडागणिक औषध पुरवता येत नाही, म्हणून माझी खरी भिस्त या भुंगेऱ्यांवरच आहे.