अर्धा बुरूज

सिव्हिलवाल्यांनो, आधी एक कोडं! गोल भिंतीचा एक भाग तोफेने उडवला, तर बाकीची भिंत का पडत नाही?

मला हा प्रश्न पडला तो सुट्टीत ताईकडे आयर्लंडला गेले तेव्हा. डब्लिनपासून दोनेक तासांवर कॅव्हन परगण्यात लॉख ऊटर नावाचा तलाव आहे. ‘लॉख’ म्हणजेच तलाव. त्यातल्या एका इवल्याशा बेटावर क्लॉखऊटरचा किल्ला आहे. किल्ला कसला, एकच गोल दगडी बुरूज, तोही अर्धा! पूल नाही, त्यामुळे आम्ही होडी वल्हवत गेलो. (हात दोन दिवस दुखत होते, ते सोडा.)

१३ व्या शतकात इंग्लंडहून आलेल्या द लेसी या नॉर्मन घराण्याने तो बांधायला घेतला. पुढे तो ओ’रायली या आयरिश घराण्याकडे गेला. पण गोल का? चौकोनी बुरुजाचा कोपरा फोडणं सोपं असतं, गोलाला कोपराच नाही. शिवाय बाहेरून दाब आला की दगड एकमेकांत घट्ट बसतात, आडव्या कमानीसारखे. दगड कम्प्रेशन मस्त झेलतो, टेन्शन मात्र त्याला झेपत नाही. अगदी आपल्यासारखंच!

पण तोफेचे गोळे एकाच जागी घाव घालतात. तिथले दगड निखळले की वरच्या भिंतीचा आधार जातो आणि तेवढाच भाग कोसळतो. बाकीच्या भिंतीचं वजन सरळ खाली पायात उतरतं, म्हणून ती उभी राहते. हेच कोड्याचं उत्तर.

तोफा कोणाच्या? क्रॉमवेलच्या फौजेच्या! इथे मी गप्पच झाले. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात क्रॉमवेल म्हणजे राजाला धडा शिकवणारा पार्लमेंटचा वीर. त्याच्यावरचं उत्तर मी घोकून पाठ केलं होतं. त्यात आयर्लंडचं नावही नव्हतं. १६४९ मध्ये तो इथे सैन्य घेऊन आला, ड्रॉहेडा शहरात कत्तल झाली. १६५० मध्ये तो परत गेला, पण फौज लढतच राहिली. एप्रिल १६५३ मध्ये क्लॉखऊटर पडला. त्या युद्धातला आयरिशांचा हा शेवटचा मोठा गड.

नंतर तो कोणी पुन्हा बांधला नाही. आत उभं राहिलं की पडलेल्या बाजूने सरळ तलाव दिसतो. मी तिथे बराच वेळ उभी होते. माझं ते उत्तरही असंच, उभी बाजू तेवढी पाठ केलेली. मार्क मात्र पूर्ण मिळाले होते!