आंबवण्याची गोष्ट – भाग ९ : बरणी मध्येच थांबली तर

मागच्या भागात यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड कसं तयार करतं ते पाहिलं. आज त्याच यीस्टच्या संपाविषयी.

ठाणे-वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळची वाईन जुनी आहे. चिनी मातीच्या बरणीत काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, दोन-चार लवंगा, चमचाभर यीस्ट, आणि वर फडकं बांधून एकवीस दिवसांची वाट. पण कायद्याचं आधी सांगून टाकतो. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, मग ते विकायचं नसलं तरी. ठाण्या-डोंबिवलीची जी मुलं कॅनडात आहेत त्यांना घरच्यापुरती वाईन करायला मुभा आहे. तिथे दुकानात तयार किट मिळतं : द्राक्षरसाचा अर्क, यीस्टची पुडी, आणखी दोन-तीन पुड्या, पाणी घालून साधारण तेवीस लिटर. बरणी असो की किट, तक्रार एकच येते : ‘बुडबुडे थांबले, गोड तशीच आहे, आता काय?’

पहिला सल्ला : लगेच आणखी यीस्ट ओतू नका. आधी खरंच थांबलंय का ते बघा. बुडबुड्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. झाकण सैल असलं तर वायू बाजूने निघून जातो, आणि आंबणं संपल्यावरही विरघळलेला वायू हलवल्यावर वर येतो. साधा हायड्रोमीटर घ्या. किटच्या रसाची घनता सुरुवातीला १.०८० ते १.१०० असते आणि पूर्ण आंबल्यावर ०.९९५च्या आसपास येते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेलं माप वरच्या कुठल्यातरी आकड्यावर, समजा १.०२०वर, अडलेलं दिसलं तर ते खरं थांबणं.

आता आपल्या बरणीचा हिशोब करून पाहू, कारण मला यातच खरी गंमत वाटते. एक किलो द्राक्षं, एक किलो साखर, दोन लिटर पाणी हे प्रमाण अनेक घरांत चालतं. द्राक्षांतली साखर धरली तर लिटरमागे तीनशे ग्रॅमहून जास्त साखर होते. साधारण सतरा ग्रॅम साखरेतून लिटरमागे एक टक्का अल्कोहोल मिळतं. म्हणजे सगळी साखर संपायची तर सतरा-अठरा टक्क्यांच्या पुढे जावं लागेल. पावाचं यीस्ट दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच दम टाकतं. तेव्हा ती बरणी अडलेली नाही, तिचं काम आटोपलंय, आणि उरलेला गोडवा हिशोबातच होता. शिवाय इतक्या दाट पाकात यीस्टच्या पेशींमधलं पाणी सुरुवातीलाच बाहेर ओढलं जातं. म्हणून सगळी साखर पहिल्या दिवशी न घालता टप्प्याटप्प्याने घालणारी आजी शास्त्र न शिकताही बरोबर होती.

दुसरं कारण उपासमार. यीस्टला साखरेबरोबर नायट्रोजनही लागतो. तो द्राक्षरसात असतो, साखरेत मुळीच नसतो, आणि पाणी घातलं की रसातलाही पातळ होतो. वाईनवाले यासाठी डायअमोनियम फॉस्फेट वापरतात. हो, शेतातलं डीएपी तेच. पण खताच्या गोणीतलं चुकूनही घालू नका, खाद्य दर्जाचंच हवं. तेही सुरुवातीलाच द्यावं. अल्कोहोल नऊ-दहा टक्क्यांवर गेलं की यीस्टला नायट्रोजन आत घेता येत नाही.

बेदाण्यांची वाईन करणाऱ्यांनी बेदाण्याचा रंग बघावा. तासगाव-सांगलीच्या पिवळ्याधमक बेदाण्याचा तो रंग गंधकाची धुरी देऊन टिकवलेला असतो, आणि गंधकाचा वायू यीस्टला दाबतो. काळा मनुका बरा.

तापमानाचं थोडक्यात. जानेवारीत बदलापूर-कल्याणकडे पहाटे गारठा पडतो, तेव्हा यीस्ट फक्त मंदावतं. बरणी घरातल्या उबदार कोपऱ्यात सरकवली की पुरतं. टोरांटोच्या थंड तळघरातल्या किटलाही हाच उपाय. मे महिन्यात पत्र्याखाली चाळिशीजवळ गेलं तर मात्र यीस्ट मरतं, आणि अल्कोहोल जितकं जास्त तितकं ते लवकर मरतं.

किटचा एक खास घोळ असतो. त्यातली सॉर्बेटची पुडी शेवटी घालायची असते. ती आधीच पडली तर यीस्टची वाढच बंद होते, आणि नंतर कितीही यीस्ट घातलं तरी उपयोग नाही.

हे सगळं तपासूनही अडलेलंच असेल तर नवं यीस्ट सवय लावून घाला. जास्त अल्कोहोल सोसणारी जात घ्या, ईसी-१११८ ही अठरा टक्क्यांपर्यंत तग धरते. कोमट पाण्यात, किंचित साखर घालून ते जागं करा. फेस आला की त्यात अडलेल्या वाईनचा वाटीभर भाग मिसळा. पुन्हा फेस येऊ द्या, मग तेवढाच आणखी. असं वाढवत नेऊन शेवटी सगळं एकत्र करा. कोरडी पुडी थेट अल्कोहोलात टाकली तर बहुतेक पेशी जागच्या जागी मरतात.

आणि अर्धवट थांबलेली गोड वाईन बाटलीत भरून घट्ट बूच लावू नका. मार्चमध्ये ऊन वाढलं की राहिलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि कपाटातली बाटली फुटते. उघडी ठेवली तर तिचा सिरका होतो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.

(क्रमशः)