अरिसाका रायफल: एका वर्षाने केलेली बदनामी

जपानी लष्कराच्या रायफली कच्च्या होत्या, चाप ओढणाऱ्याच्याच तोंडावर फुटायच्या, हा समज आजही पक्का आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. युद्धानंतर पी. ओ. ॲक्ली या अमेरिकी बंदूकतज्ज्ञाने निरनिराळ्या देशांच्या लष्करी रायफली दारूचा भार वाढवत नेत, त्या मोडेपर्यंत तपासल्या. त्यांत सर्वांत जास्त तग धरला तो जपानच्या अरिसाकाने.

याचं कारण तिच्या घडणीत आहे. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम दाते असतात. दांडी खाली वळवली की ते रिसीव्हरच्या खाचांत घट्ट अडकतात. काडतुसाचं पितळ फाटलंच, तर तापलेला वायू डोळ्यांकडे न येता वर निघून जावा म्हणून 1905 च्या टाइप 38 या अरिसाका मॉडेलमध्ये रिसीव्हरच्या माथ्यावर दोन भोकं ठेवली, 1939 च्या टाइप 99 मध्ये एक.

मग बदनामी आली कुठून? एक तर कवायतीच्या रायफलींमुळे. शाळकरी मुलांना शिकवायला बनवलेल्या या रायफलींचा रिसीव्हर ओतीव लोखंडाचा, नळी आतून गुळगुळीत. त्या फक्त फुसक्या काडतुसांसाठी होत्या. दिसायला मात्र हुबेहूब खऱ्या. त्यांत खरं काडतूस घालणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं कारण 1945 चं. पोलाद संपत आलेलं, कारखान्यांवर बॉम्ब पडताहेत, अशा वेळी निघालेल्या टाइप 99 वर कानशीच्या खुणा तशाच राहिल्या, मागची सरकती साइट जाऊन एका जागी ठोकलेली साधी साइट आली, दस्त्याच्या टोकाला लोखंडाऐवजी लाकडी फळी लागली. आधीच्या टाइप 99 च्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असे, गंज लागू नये म्हणून, तोही गेला. अशा रायफली पाहून चाळीस वर्षांच्या कारागिरीवर शेरा मारणं मला सरळ अन्याय वाटतो. शिवाय 1944 च्या मार्चमध्ये मणिपुरात संगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनचे जवान याच जपानी सैन्यासमोर उभे ठाकले होते. शत्रूची हत्यारं रद्दी होती असं म्हणणं त्यांच्या झुंजीलाही कमी लेखणारं आहे.

जर्मन माउझरची नक्कल, हा आरोप अर्धा खरा. पुढचे दाते आणि काडतूस ओढणारी लांब पट्टी माउझरच्याच वळणाची. पण अरिसाका नारिआकिरा यांच्या 1897 च्या टाइप 30 वरून नाम्बू किजिरो यांनी टाइप 38 घडवली, तेव्हा बोल्टचे भाग इतके कमी केले की तो हत्याराशिवाय उघडता येतो. सुरक्षेचा खटका म्हणजे बोल्टच्या मागची गोल, खरबरीत टोपी. तळहाताने आत दाबायची आणि फिरवायची. माउझरला असं काही नाही.

रायफल जपानी सैनिकाला फार लांब होती, असंही म्हणतात. टाइप 38 जवळपास 1.28 मीटर, संगीन लावून सुमारे 1.66, म्हणजे बहुतेक सैनिकांच्या डोक्यावर जाणारी. ही चूक नव्हती, संगिनीच्या लढाईवरच्या भरवशातून घेतलेला निर्णय होता. त्याचा आणखी एक फायदा झाला. 6.5 मिलिमीटरच्या काडतुसात दारू थोडी, नळी लांब, त्यामुळे ती आतच जळून जाई आणि बाहेर ज्वाळा जवळजवळ दिसत नसे. दाट जंगलात गोळी कुठून आली ते कळायचं नाही. धक्काही कमी. मात्र चीनमधल्या लढायांत ही गोळी अपुरी वाटली, म्हणूनच टाइप 99 ला 7.7 चं काडतूस आलं.

दस्त्याच्या खालच्या भागातला सांधा पाहून अनेकांना ती दुरुस्ती वाटते. तो कारखान्यातलाच आहे: लहान रुंदीच्या लाकडातून काम भागावं म्हणून दोन तुकडे खाचेत बसवलेले.

आणि रिसीव्हरवरचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल? शरणागतीनंतर सोपवलेल्या असंख्य रायफलींवर ते घासून काढलेलं आहे, कारण ते सम्राटाचं चिन्ह. त्यामुळे फूल घासलेलं दिसलं म्हणजे रायफल नकली, असं अजिबात नाही. रणांगणावर हाती लागलेल्या रायफलींवर ते सहसा शाबूत असतं.