उन्हाळ्यात रानाची पाहणी : फोटो कशाचा व कसा घ्यावा

फाल्गुन सरला की आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील सागाचे रान उघडे पडते. पावसाळ्यात जेथे दहा पावलांवरचे काही दिसत नाही, तेथे चैत्रात शंभर पावलांवर बसलेला ससाही नजरेस पडतो. त्यातच ओढे आटतात, पैनगंगेचे पात्र डबक्यांवर येते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला म्हणजे रानातील बहुतेक जिवांना पाण्याची वाट धरावी लागते. रान पाहण्याचा खरा हंगाम म्हणून उन्हाळाच होय. शेतीची कामे थोडी हलकी असतात, मुलांना सुट्टी असते, आणि आता घरोघरी कॅमेऱ्याचा फोन आहे. त्याचा उपयोग काय करावा व काय करू नये, याविषयी या अंकात थोडे सांगावयाचे आहे.

रानात शिरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कवलचे रान १९६५ साली अभयारण्य झाले व २०१२ साली व्याघ्र प्रकल्प. २०१६ मध्ये जिल्ह्याची विभागणी झाली तेव्हा ते चार जिल्ह्यांत वाटले गेले. अशा रानात फोटो काढण्यासाठी जावयाचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगी लागते. परंतु परवानगीवाचून हळहळण्याचे कारण नाही. आपल्या शेताच्या धुऱ्यावरून, गावतळ्याच्या पाळीवरून जे दिसते ते पाहून संपत नाही.

पाण्यावर येण्याची प्रत्येकाची वेळ असते. पहाटे व सकाळी पाखरे येतात. उन्हे चढल्यावर माकडे व चितळ येतात, मोर बहुधा सकाळ-संध्याकाळी. सांबर अंधार पडल्याशिवाय सहसा बाहेर पडत नाही. पाहणाऱ्याने जनावर येण्याच्या आधी जाऊन बसावे. मागून जाणाऱ्याला रिकामा पाणवठाच दिसतो. वारा आपल्या तोंडावर येईल अशी जागा घ्यावी, म्हणजे आपला वास तिकडे जात नाही. पांढरे कपडे नकोत. पाण्याच्या अगदी काठाशी, किंवा जनावराच्या पायवाटेवर तर कधीच बसू नये. आपण वाट अडवून बसलो तर तहानलेले जनावर तसेच परत फिरते, आणि वैशाखात ती एक फेरी त्याला फार महागात पडते. दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावे. फोटोसाठी अंधारात पाण्याजवळ थांबण्यात शौर्य नाही, नुसता वेडेपणा आहे.

पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची गणना करण्याची रीत पुष्कळ वर्षे होती. चांदणे भरपूर, पाणी थोडे, म्हणून ही रात्र निवडलेली. पण एकच रानडुक्कर रात्रीत तीन वेळा आले तर ते तीन मोजले जाण्याचा संभव. म्हणून आता तेथे लोकांना त्या रात्री मचाणावर बसवतात ते अनुभवासाठी. वाघांच्या संख्येसाठी तिच्यावर कोणी विसंबत नाही. संख्येचे काम कॅमेऱ्याने घेतले आहे. वाटेच्या कडेला झाडास पेटी बांधलेली असते, समोरून जनावर गेले की ती आपोआप फोटो घेते. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाचे निराळे, तेव्हा कोण कितीदा आला हे बरोबर कळते. २०१८ च्या देशव्यापी गणनेत अशा कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो घेतले. त्यांतील वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे फोटोंमागे एक. पहिल्याच दिवशी वाघ दिसला नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

माझ्या मते आपल्यासाठी उन्हाळ्यातील सर्वांत पाहण्याजोगा जीव वाघ नव्हे, टिटवी आहे. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून वखरलेल्या काळ्या रानात ती घरटे म्हणून नुसता एक खळगा करते, भोवती खडे व लेंड्या मांडते, आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. मातीच्या रंगाची ती अंडी पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. उन्हाळ्यात अंडी उबवण्यापेक्षा ती भाजू न देणे हेच मोठे काम असते. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात. मधूनच एक जण पाण्यावर जातो, पोटाची पिसे भिजवतो आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसतो. हे महिनाभर चालते. आपण फोटोसाठी जवळ उभे राहिलो तर टिटवी आरडाओरडा करीत दूर पळते आणि अंडी उघडी उन्हात राहतात. म्हणून दुपारी तिकडे फिरकू नये. सकाळी लांबून, बांधावर बसून पाहावे. वखर धरणाऱ्याने तेवढा दोन-तीन हातांचा तुकडा सोडून वखर उचलला तर पिकाचे काही बिघडत नाही. टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊस जास्त, असे आपले वृद्ध सांगतात. खरे किती हे दहा वर्षे जागा लिहून ठेवल्याशिवाय कसे सांगावे? मुलांनी लिहून पाहावे.

आता वाघाकडे येऊ, कारण तो विषय टाळून चालणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य आपल्या सरहद्दीपासून फार दूर नाही. तेथील वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूर, तामसीकडील शिवारात येतात. टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी रेडिओचा पट्टा बांधला होता. जूनमध्ये तो निघाला, आपल्या जिल्ह्यातून व नांदेड, हिंगोलीकडून फिरत डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढच्या मार्चपर्यंतची त्याची सगळी चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली. दिवसा नाल्यात, झुडपांत पडून राहावयाचे व रात्री चालावयाचे हा त्याचा क्रम. तो आपल्या शेताजवळून गेला हे कित्येकांना कळलेही नसेल.

पण दरवेळी असे निभावत नाही. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या आसिफाबाद भागात २०२० च्या आणि २०२४ च्या नोव्हेंबरात कापसाच्या शेतात काम करणाऱ्या एकेका स्त्रीचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाघ गावाजवळ आहे हे वेळेवर कळणे ही म्हणूनच हौसेची गोष्ट नाही. आणि येथे आपला साधा फोन मोठे काम करतो, पण फोटो वाघाचा नव्हे, पावलाचा हवा. धुळीत ठसा दिसला तर त्याच्याशेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून बरोबर वरून फोटो घ्यावा. वस्तू शेजारी नसेल तर आकार समजत नाही व तो फोटो निरुपयोगी होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात ठसा स्पष्ट उठतो. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात. वाघ-बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात. अस्वलाचे मागचे पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखे, पुढे लांब नखांच्या खुणा. असा फोटो वनरक्षकाकडे पोहोचवावा, त्याबरोबर तारीख, वेळ व शिवाराचे नाव सांगावे.

जनावराने गाय-बैल मारला तर तो ओढून हलवू नये. दुरून फोटो घेऊन लगेच वनखात्यास कळवावे. भरपाईसाठी पंचनामा जागेवरच व्हावा लागतो. रागाच्या भरात मेलेल्या जनावरावर विष टाकण्याचा विचार कोणी मनात आणू नये. २०२४ च्या जानेवारीत कागजनगरजवळ दरीगावच्या रानात दोन वाघ मेलेले सापडले, विषप्रयोगाच्या आरोपावरून अटकाही झाल्या. तेच मांस गिधाडे व गावची कुत्रीही खातात. ज्याचा बैल गेला त्याचे दुःख मी हलके मानीत नाही. पण विष टाकल्याने बैल येत नाही आणि माणूस कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतो.

आणखी एक. वाघाचा फोटो मिळालाच तर तो गावाच्या नावासकट फोनवरून सगळीकडे पाठवू नये. त्या निरोपावर दुसऱ्या दिवशी गर्दी जमते आणि शिकाऱ्यालाही पत्ता मिळतो. फोटोत जागेची नोंद आपोआप होत असते, ती फोनमध्ये बंद करून ठेवता येते. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तर तो क्षणात करून देईल.

मोह वेचणाऱ्यांनी व तेंदूपाने तोडणाऱ्यांनी अस्वलाची विशेष काळजी घ्यावी. मोहाची फुले आपल्याइतकीच त्यालाही गोड लागतात, आणि पहाटे दोघे एकाच झाडाखाली भेटतात. उजाडल्यावर, तिघे-चौघे मिळून, मोठ्याने बोलत जावे. वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखाली जाळ लावतात, तो रानात पसरून टिटवी-लाव्यांची घरटी जळतात. पाला खराट्याने झाडून घेणे बरे. पाहणीस जाताना पाण्याची बाटली, डोक्यावर ओले फडके हवेच. डोके दुखू लागले, मळमळले की सावलीत येऊन अंगावर पाणी घ्यावे व वारा घालावा. घाम थांबून बोलणे असंबद्ध झाले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, दवाखान्यात न्यावे. साप चावल्यासही तेच : आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, सरळ सरकारी दवाखाना गाठावा.

फोटोइतकीच वही महत्त्वाची आहे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांची पुस्तके ज्यांनी वाचली आहेत त्यांना माहीत आहे की, रानात रोज पाहिलेले लिहून ठेवण्याच्या सवयीतून केवढा ठेवा तयार होतो. आपली वही एवढी मोठी नसली तरी चालेल. तारीख, वेळ, जागा, काय पाहिले, किती होते, काय करीत होते, एवढ्या ओळी पुरेत. नीलपंखाची जोडी कोणत्या झाडाच्या ढोलीत शिरते, मोराने पिसारा फुलवून पहिल्यांदा केव्हा नाच केला, हे लिहावे. मे महिना संपता संपता नवरंग येतो, मग चातक. ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा त्याआधीच ओरडू लागतो. त्याचा पहिला आवाज कोणत्या तारखेस ऐकला आणि तिफण धरण्याजोगा पाऊस कोणत्या तारखेस झाला, या दोन तारखा यंदा शेजारीशेजारी लिहाव्यात. पुढच्या वर्षी त्याच पानावर, त्यांच्याखाली, पुढच्या दोन.