विश्लेषण : परदेशातील वर्गात ‘भाषा सहायक’ म्हणून रुजायचे कसे?

परदेशी जाण्याचे दोन मार्ग गावाकडे सगळ्यांना ठाऊक असतात. एक कर्ज काढून शिक्षण, दुसरा कंपनीमार्फत नोकरी. तिसऱ्याची चर्चा फारशी होत नाही. आपल्याला येणारी भाषा तिथल्या वर्गात बोलायची, शिकवायला मदत करायची, त्याचे मानधन घ्यायचे आणि मुदत संपली की परतायचे. यालाच भाषा सहायक म्हणतात. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या पिंपळीसारख्या गावातून पदवी किंवा बी.एड. केलेल्या तरुणांनाही हा मार्ग खुला आहे. मात्र तो स्थलांतराचा मार्ग नाही, हे निघण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे.

काम नेमके काय असते?

सहायक हा मुख्य शिक्षक नसतो. अभ्यासक्रम, परीक्षा, गुण हे बहुतेक ठिकाणी कायम शिक्षकाकडे असते. सहायकाने लहान गट घेऊन संभाषण करून घ्यायचे, उच्चार सुधारायचे, आपल्या देशाविषयी बोलायचे.

अमेरिकेच्या ‘फुलब्राइट फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट’ योजनेत कामाचे स्वरूप थोडे व्यापक आहे. भारतातील निवड ‘यूसिफ’ ही संस्था करते. वयोमर्यादा २१ ते २९ वर्षे, मुदत ९ महिने. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास शिकवणे आणि सोबत स्वतःही विद्यापीठात विषय घेऊन शिकणे, अशी रचना असते. विमान प्रवास, मासिक भत्ता, आजारपण व अपघाताचे संरक्षण हे योजनेतून मिळते. पदवी मात्र मिळत नाही. शिकवायच्या भाषांमध्ये हिंदीसह काही भारतीय भाषा असतात. त्या वर्षीची यादी आणि योजनेची स्थिती अर्जापूर्वी ‘यूसिफ’च्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

हिंदीसाठी जाऊ पाहणाऱ्या मराठी उमेदवाराने एक गोष्ट गृहीत धरू नये, ती म्हणजे ‘आपल्याला हिंदी येतेच’. मराठीत आवाज मोठा होतो, हिंदीत ‘आवाज़ बड़ी’ होते. मराठीत शिक्षा झाली तर घरचे काळजीत पडतात, हिंदीत शिक्षा मिळाली तर आनंद होतो. बाजारात चालून जाणारी हिंदी वर्गात चालत नाही. तिथे विद्यार्थी ‘असे का?’ विचारतात आणि कारण सांगावे लागते.

फ्रान्समध्ये चित्र वेगळे आहे. तिथल्या सरकारी शाळा इंग्रजीसाठी सहायक घेतात. साधारण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असे ७ महिने, आठवड्याला १२ तास काम, हाती महिना सुमारे ८०० युरो. त्यासाठी फ्रेंच यायला हवे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट किंवा आलियाँस फ्रान्सेज येथे ते शिकता येते. जपानची ‘जेट’ योजना १९८७ पासून सुरू आहे. तिचा करार एका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त ५ वर्षांपर्यंत वाढू शकतो.

पहिला महिना सर्वांत अवघड का?

८०० युरो हा आकडा रुपयांत मोठा वाटतो. तिथल्या भाड्यात तो झपाट्याने विरतो. त्यात नेमणूक कुठे होईल हे आपल्या हातात नसते. पॅरिस डोळ्यांसमोर ठेवून निघालेला सहायक एखाद्या लहान गावात पोहोचू शकतो, जिथे रविवारी दुकाने बंद आणि बस मोजक्या. पिंपळीहून बारामतीला जाण्याची सवय असलेल्याला हे गाव मुंबईकरापेक्षा कदाचित कमीच खुपेल.

खरी अडचण कागदांची असते. घरमालक पगाराचा पुरावा आणि हमीदार मागतो. पगार जमा व्हायला बँक खाते लागते. खाते उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो. पत्ता मिळायला घर लागते! हे चक्र फोडण्याची सोपी वाट म्हणजे शाळेकडे आधीच विचारणा करणे; काही शाळा आपल्या वसतिगृहात खोली देतात. ३० वर्षांपर्यंतच्या भाडेकरूंसाठी ‘व्हिझाल’ ही मोफत सरकारी हमी आहे, ती हमीदाराची अडचण सोडवते. फर्निचरसह घर घेतल्यास दोन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट मागितले जाऊ शकते. पहिला पगार लवकरात लवकर ऑक्टोबरअखेरीस येतो. म्हणजे तोवरचा खर्च घरूनच न्यावा लागतो. ‘सगळे तिकडूनच मिळते’ या ऐकीव माहितीवर निघालेल्यांची पंचाईत होते ती इथेच. दीर्घ मुदतीचा व्हिसा फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, हेही घरशोधणीच्या धावपळीत विसरता कामा नये.

एकटेपणा मात्र कागदांइतका लवकर सुटत नाही. आठवड्याला १२ तासांचे काम म्हणजे उरलेला वेळ भरपूर, आणि तो घरच्यांशी व्हिडीओ कॉलवर घालवण्याचा मोह मोठा. तसे केले की तिथली भाषा कच्चीच राहते. अमेरिकेत बऱ्याच शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत. शनिवार-रविवारी मराठी शाळा चालतात. तिथे ओळखी होतात, गणपतीत जेवायला बोलावणे येते. बाहेर पगारी काम करणे मात्र व्हिसाच्या अटींत बसत नाही.

वर्गात बोलायचे तरी काय?

ताजमहाल आणि बॉलीवूड दोन तासिकांत संपतात. त्यानंतर उपयोगी पडते ते स्वतःचे गाव. तुकोबांची पालखी बारामतीहून पिंपळीवरून पुढे जाते, काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. पालखीभोवती मेंढ्या का धावतात, या एका प्रश्नावर अर्धा तास संभाषण सहज चालते. उसाचा गळीत हंगाम, नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन, कारखान्याचा काटा यांतून आकडे, दिशा, वेळ, क्रम अशी सगळी शब्दसंपत्ती शिकवता येते. शहरी मुलाला हा मजकूर शोधावा लागेल, गावच्या मुलाकडे तो आधीच आहे. फोटो आणि लहान व्हिडीओ निघण्यापूर्वी काढून ठेवावेत.

उलट दिशेचे उदाहरण जवळच आहे. नीरा ओलांडली की फलटण. अमेरिकेच्या मॅक्सीन बर्नसन १९६१ मध्ये भारतात आल्या, हैदराबादेत त्यांनी इंग्रजी शिकवले. पुढे भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या फलटणला आल्या आणि तिथल्या बोलीवर पीएच.डी. केली. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तके तयार केली. त्यांचे मराठी व्याकरण १९७५ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. नंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, प्रगत शिक्षण संस्था काढली. पुस्तकी मराठीवर न थांबता फलटणचे लोक प्रत्यक्ष कसे बोलतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. परदेशी रुजण्याची याहून चांगली पद्धत सांगणे कठीण.

मुदत संपल्यावर?

फुलब्राइटच्या सहायकांना जे-१ व्हिसा मिळतो आणि त्याला दोन वर्षांची अट असते. मायदेशी एकूण दोन वर्षे राहिल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. त्यामुळे ‘एकदा पोहोचू, मग बघू’ हा हिशेब इथे चुकतो. परतल्यावर बी.एड., सेट-नेट, खासगी भाषावर्ग की ऑनलाइन अध्यापन, हे जाण्याआधी ठरवलेले बरे. तिकडे असतानाच विभागप्रमुखांकडून अनुभव प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र घ्यावे. परतल्यानंतर ईमेलवर मागितले तर महिने जातात.

अर्जाची तयारी निघण्याच्या किमान वर्षभर आधी सुरू करावी लागते. पासपोर्ट त्याहून आधी. फुलब्राइटच्या अर्जाला शुल्क नाही आणि निवड कोणत्याही एजंटामार्फत होत नाही. ‘जागा मिळवून देतो’ म्हणत आगाऊ रक्कम मागणारा भेटलाच, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.