शहरातला कोंबडा घरी आणताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक वहिनी लेकीकडे पिंपरीला गेल्या होत्या. तिथं बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक पांढरा कोंबडा आठ दिवस गाड्यांखाली लपून राहिला होता. कुत्री मागं लागायची, पोरं दगड मारायची. वहिनींना राहवलं नाही. त्याला घेऊन गावी आल्या आणि त्याच रात्री आपल्या खुराड्यात सोडला. पंधरा दिवसांत १४ कोंबड्यांतल्या ११ गेल्या. हिरवी हगवण, पंख गळालेले, मान मुरगळलेली. आपण जिला मानमोडी म्हणतो, ती ही राणीखेत. कोंबडा मात्र ठणठणीत! अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती असलेला पक्षी स्वतः आजारी न दिसताही रोग पसरवतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. वहिनींच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या अंड्यांवर चालायचा.

शहरात असा कोंबडा येतो कुठून? बाजारात लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला असतात, ती बहुतेक अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं. नर अंडी देत नाही, म्हणून हॅचरीला तो नको असतो. पोरं हट्टानं घेतात. काही महिन्यांनी तो पहाटे बांग देतो, शेजारी तक्रार करतात, मग त्याला कुठंतरी सोडून देतात. कधी कोंबडा टेम्पोतून पडलेला असतो, कधी नवसाचा म्हणून सोडलेला.

धरण्याआधी वॉचमनला, शेजारच्या दुकानात विचारा. कुणाचा असला तर चोरीचा आळ आपल्यावर! दिवसा पाठलाग करू नका, तो रस्त्यावर गाडीखाली जाईल. कोंबड्याला अंधारात नीट दिसत नाही. तिन्हीसांजेला कुठं बसतो ते हेरा, अंधार पडला की अंगावर टॉवेल टाका आणि दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला. पायांना धरून उलटा लटकवू नका, तसं त्याला श्वास घेणं जड जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात घालून आणा.

घरी आणल्यावर निदान तीन आठवडे, जमलं तर महिनाभर, त्याला वेगळं ठेवायचं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, डालग्याखाली, त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं. आधी आपल्या कोंबड्यांचं दाणापाणी, मग त्याचं, आणि नंतर हात धुवायचे. चप्पल बदलायची, हे आम्ही तीनदा सांगतो, कारण विष्ठा चपलेला लागूनच खुराड्यात जाते. पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का बघा. लोळायला कोरडी माती आणि राख द्या. उपाशी असेल तर आधी पाणी, मग थोडे थोडे दाणे. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य त्याला घालू नका. त्यात चुना जास्त असतो, नराच्या मूत्रपिंडाला तो बाधतो.

हगवण, घरघर किंवा वाकडी मान दिसली तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकू नका, चुना टाकून खोल पुरा. आपल्या कोंबड्यांना लस मात्र आधीच दिलेली हवी, रोग शिरल्यावर धावपळ करून उपयोग नाही. लशीची एक कुपी साधारण १०० पक्ष्यांना पुरते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. एकटीला ती परवडत नाही. म्हणून आम्ही आता सात-आठ घरांच्या कोंबड्या एकाच सकाळी धरतो. गोंधळ होतो खरा, पण हसूनही होतं.

महिन्यानं त्याला खुराड्यात घ्यायचं की नाही, ते आपल्या कोंबड्यांवर ठरवा. आधीच एक कोंबडा असेल तर दोघं भांडतील. ज्या घरी कोंबडा नाही तिथं देऊन टाका. झुंजीसाठी मागायला येणारे असतात, त्यांना देऊ नका. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यानं झुंज लावणं गुन्हा आहे.

वहिनींनी नुकताच तालुक्याच्या स्टँडवरून आणखी एक आणलाय, तांबडा, एका पायानं लंगडणारा. गोठ्यामागं डालग्याखाली आहे. आज त्याचा अकरावा दिवस, आणि दारात त्याच्यासाठीची चप्पल वेगळी ठेवलेली आहे.